माळ्यावरचा वॉकर

कांता,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे माझ्याचबद्दल बोलले. फोटो तुझा, मेणबत्त्या तुझ्यासमोर, फुलं तुला, आणि कौतुक माझं. बुद्धवंदना झाली आणि भाषणं सुरू झाली. एकेक माणूस उठे, माईकवर फुंकर मारी आणि म्हणे, सरांनी बाईंना फुलासारखं जपलं, अंथरुणातून खाली पाय ठेवू दिला नाही, असा नवरा आजच्या काळात कुठं मिळतो. मी पुढच्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यात बसलो होतो आणि प्रत्येक भाषणानंतर लोक माझ्याकडे बघत होते.

मग मंगल उठली. वसमतहून स्कूटीवर तुझ्या पायांचा व्यायाम घ्यायला येणारी आपली फिजिओथेरपिस्ट मंगल. म्हणाली, "सरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. काकूंनी थोडी साथ दिली असती, व्यायामाचा कंटाळा केला नसता, तर काकू आज आपल्यात असत्या." लोकांनी माना हलवल्या. तिच्यानंतर आपली सुजाता. पोटची लेक. ती एवढंच म्हणाली, "आईनं शेवटी जिद्द सोडली," आणि खाली बसली.

मला उभं केलं. मी म्हणालो, "आपण सगळे आलात, आभारी आहे. जयभीम." आणि बसलो. सगळा जन्म पोरांसमोर बडबड करण्यात गेला, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून यापलीकडे शब्द फुटला नाही.

तुझा जन्म कुठला, माहेर कुठलं, मागं कोण कोण आहे, ते सगळं पत्रिकेत छापून झालं. मला ते लिहायचं नाही. मला एकच गोष्ट नीट करायची आहे. तू कंटाळा केला नाहीस. तू जिद्द सोडली नाहीस. तुझा वॉकर मी माळ्यावर ठेवला होता.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण ठाऊक असलेलं माझ्या तोंडून ऐकायचा तुझा हक्क आहे.

आपलं लग्न नवं होतं तेव्हा शाळेत तक्ते नव्हते. शरीरशास्त्राचे तक्ते मी घरी बसून ड्रॉइंगच्या कागदावर काढायचो. त्या दिवशी हात काढत होतो, कातडी सोलून आतले स्नायू दाखवायचे तसा, लाल पेन्सिलीनं. तू हळदीला पॉलिश करायचा ढोल फिरवून आली होतीस. अंगभर पिवळा धुरळा. दारातूनच विचारलंस, "हा दंड कुणाचा?"

"माणसाचा."

"बाईचा न्हाई वाटतं."

"स्नायू सगळ्यांचे सारखेच असतात."

"मंग असा फुगीर काहून काढला? तुमचा तर तसा न्हाई." आणि बाही वर करून तुझा दंड माझ्या कागदाशेजारी धरलास. तक्त्यापेक्षा तो बरा होता, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

मी मास्तरकी सुरू केली. सांगितलं, हाडाला धरून असतात त्या स्नायूंना ऐच्छिक स्नायू म्हणतात, कारण ते आपल्या इच्छेनं चालतात. स्नायूचं टोक पांढऱ्या चिवट दोरीसारखं असतं, त्याला स्नायुरज्जू म्हणतात, ती दोरी हाडाला पक्की शिवलेली असते. स्नायू आखडला की हाड त्याच्याबरोबर येतं. आणि ध्यानात ठेव, स्नायू फक्त ओढतो. ढकलत कधीच नाही.

तू हसलीस. "मंग ढोल कसा फिरतो वो? अर्धा घेर ओढायचा, अर्धा ढकलायचा. दिवसभर तेच करून राहिले मी."

"ढकलताना दंडाच्या मागचा स्नायू हात सरळ करतो. तो मागून ओढतो, म्हणून हात पुढं जातो. पुढचा एक, मागचा एक, जोडीनं काम. एक आखडला की दुसरा सैल पडतो. पण दोघंही ओढतातच."

"मंजी ढकलायची म्या, अन् नाव ओढणाऱ्याचं?"

हे भांडण आपण म्हातारे होईपर्यंत पुरवलं. वसमतच्या स्टँडसमोर एसटी बंद पडली आणि कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं, तो दिवस आठवतो का? मी मागून धक्का द्यायला हात लावला आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "सर, समोरून या. ढकलत न्हाई म्हणता न्हवं?" लोक हसले. कंडक्टर हसला. मी चिडलो. घरी येईपर्यंत बोललो नाही तुझ्याशी. एवढ्याशा थट्टेवरून मी तोंड फिरवायचो, आणि तू दुसऱ्या दिवशी पुन्हा थट्टा करायचीस.

पोत्यांची तोंडं शिवताना सुतळीचं एक टोक तू असंच उसवून माझ्या हातात दिलं होतंस. "आत बी असंच असंल का?" अगदी तसंच असतं. सुतळीत पदर, पदरात धागे, धाग्यात आणखी बारीक तंतू. सगळ्यात आतल्या तंतूंत दोन जाती, एक जाड, एक बारीक. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावी आणि आत सरकवावी, तसे ते एकमेकांत सरकतात. तंतू स्वतः लहान होत नाहीत, नुसते सरकतात, आणि तेवढ्यानं माणूस पोतं उचलतो. पुढं जन्मभर मी वर्गात सुतळी नेली. पोरं तो तास विसरली नाहीत. सुतळी कुणी दिली, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. तू मागितलंही नाहीस.

तू उकिडवी बसायचीस आणि भरलेली घमेली उचलून, जमिनीला हात न टेकता उठायचीस. साठी ओलांडली तरी. मी खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात दाबतो हे तुला दिसायचं आणि तू ओरडायचीस, "सर, लेकरं हसतील." मला वाटायचं, ही मला पोचवून मग निवांत जाईल.

कोंबडीला हाकलायला वळलीस आणि ओट्याच्या ओल्या पायरीवरून गेलीस. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला नेताना गाडीत कळवळत होतीस, तरी म्हणालीस, "लोकाइला सांगू नका कोंबडीनं पाडलं म्हून. बैल सांगा." ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तुला उभं केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, हाड आम्ही बसवलंय, स्नायू तुमच्या हातात आहेत. झोपवून ठेवू नका.

मला हे दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. स्नायू म्हणजे हाकेला ओ देणारी माणसं आहेत, असं मी नववीच्या पोरांना सांगायचो. हलकं काम असलं की मेंदू थोड्याच धाग्यांना हाक मारतो. पोतं उचलायचं असलं की सगळ्यांना. हाक आलीच नाही तर धागे बारीक व्हायला लागतात. शरीर फार हिशेबी आहे, जो कामाला येत नाही त्याला ते पोसत नाही. स्नायूतली प्रथिनं सोडवतं आणि दुसरीकडे वापरतं. तरुणाचं गेलेलं बळ परत येतं. म्हाताऱ्याचं लवकर जातं आणि परत येताना फार तंगवतं. सगळ्यात आधी मांडीचा पुढचा मोठा स्नायू उतरतो, ज्याच्या जोरावर माणूस बसल्या जागेवरून उठतो. हे मी फळ्यावर लिहून दिलेलं आहे, कांता. माझ्या अक्षरात.

आणि पहिले काही दिवस मी बरा वागलो, हेही लिहितो. वॉकर आणला. मंगल यायला लागली. तिला मीच शिकवलं होतं, नववीत, पहिल्या बाकावर बसायची. ती तुला खुर्चीत बसवून गुडघा सरळ करायला लावायची, टाच उचलायला लावायची, मग वॉकर धरून ओटा ते फाटक. मी मागून चालायचो. तू तिला म्हणायचीस, "मंगल, तुझ्या सरला बी लाव कामाला, नुसते मागं मागं फिरून राहिले." फाटकाला हात लावून परत फिरताना तुझ्या तोंडावर घाम आणि माज दोन्ही असायचे.

मग पाहुणे सुरू झाले.

आपल्याकडे आजाऱ्याला बघायला येणारा माणूस आजाऱ्याला पडलेलं बघायला येतो. बसलेलं दिसलं तर त्याला आल्यासारखं वाटत नाही. चालताना दिसलं तर तो घरच्यांनाच संशयानं बघतो. माझे थोरले चुलतभाऊ नाना एके सकाळी फाटकातून आत आले, तेव्हा तू वॉकरला टेकून गॅसपाशी उभी होतीस. चहा ठेवला होतास. मीच ठेवू दिला होता, उभं राहण्याचा सराव म्हणून. नाना ओट्यावरच थांबले.

"जयभीम सर. हे काय चाललंय? वैनीला परेड लावली का?"

मी म्हणालो, डॉक्टरांनीच सांगितलंय.

"डाक्टरला काय जातंय सांगायला? जलमभर राबली बिचारी. आता तरी पडू द्या. लोक म्हणतील, पेन्शन खाऊन राहिला अन् मोडक्या पायाच्या बायकोकून चहा करून घेऊन राहिला."

त्यांच्यामागून आलेल्या बायांनी तोंडाला पदर लावला. एक म्हणाली, हाड निखळंल पुन्हा. दुसरी म्हणाली, पुरुषाला काय कळतंय बाई. तू आतून ओरडलीस, "माहं हाड हाय, म्या बघीन!" पण ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि मला तुझी लाज वाटली. तेच खरं आहे. तू कांता म्हणून नाही, चार माणसांत गॅसपाशी उभी राहून मला बट्टा लावणारी बायको म्हणून तू मला तेव्हा दिसलीस.

त्या दिवसापासून फाटक वाजलं की मी धावत आत यायचो. "पड, पड, कोणीतरी आलं." तुला आडवी करायचो, चादर छातीपर्यंत ओढायचो. पाहुणा बसायचा, तुझ्या कपाळाला हात लावायचा, माझ्याकडे बघून मान हलवायचा. तू त्यांच्यासमोर बोलायची नाहीस, ते गेले की बोलायचीस.

"म्या काय सतरंजी हाय का, पाहुणे आले की आंथरायची?"

मी हसण्यावारी नेलं. पण एवढी माणसं आपल्या घरी लग्नालाही आली नसतील. सकाळी गावातले, दुपारी हिंगोलीच्या गाडीनं येणारे, संध्याकाळी शाळेतले जुने. माणसं दिवसभर येत, म्हणून तू दिवसभर आडवी. मंगल आली की मी फाटकापाशीच सांगायचो, आज राहू दे, पाहुणे आहेत. ती स्कूटी वळवून परत जायची.

आणि एकदा मी सोसायटीत गेलो असताना तू एकटीच उठलीस. मी आलो तेव्हा तू दाराच्या चौकटीला एका हातानं लटकली होतीस, वॉकर आडवा पडलेला. पडली नव्हतीस. तुला पलंगावर बसवलं, स्टूल घेतलं आणि वॉकर घडी करून माळ्यावर, हळदीच्या रिकाम्या पोत्यांमागं सरकवून दिला.

"काहून ठुवला वर?"

"पडलीस तर?"

"पडली तर उठीन."

"आणि नाही उठलीस तर?"

"तर तुमी कशाला हाव?"

मी आवाज चढवला. तो आवाज मी वर्गात वापरायचो. तू गप्प झालीस. मला वाटलं, जिंकलो.

मी भ्यालो होतो, एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. भीती कुणालाही वाटते. पण वॉकर वर गेला तेव्हा मला बरंही वाटलं. आता फाटक वाजलं की धावायला नको. आता जो येईल त्याला तू पडलेलीच दिसशील.

एका दुपारी तू मांडीवर हात ठेवून मला बोलावलंस. "हे बघा वो सर. पिठाची पिशवी रिकामी झाल्यावानी लागून राहिलं." मी हात लावला. मांडी खरंच उतरली होती. कातडी सैल, आत हाड लागत होतं. मला ठाऊक होतं हे काय आहे. कुठला स्नायू, का उतरला, कशानं भरून येईल, सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "वय झालं आता."

वय! तुझ्या त्या मांड्यांना मी वय म्हणालो.

आता मंगलचा तो दिवस. ती न विचारताच आली. आज जाणार नाही सर, म्हणाली, आणि तुझ्याजवळ बसली. गुडघा उचलायला सांगितला, तो चादरीवरून थोडा सरकला आणि थांबला. तिचा चेहरा उतरला. "काकू, वॉकर दिसत नाही कुठं? चालता ना तुम्ही?"

मी दारात उभा होतो. तुझ्याआधी मीच बोललो. "तिलाच नको असतो गं. कंटाळा करते. मी तरी किती मागं लागू?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग भिंतीकडे तोंड फिरवलंस. मंगल तुला समजावत राहिली, काकू असं करू नका, सर एवढं करतात तुमच्यासाठी. आणि तू, जिनं जन्मात कुणाचा टोमणा परत केल्याशिवाय ठेवला नाही, ती भिंतीकडे बघत ऐकत राहिलीस.

याचा मला आजही संताप येतो, कांता. माझा येतो तसा तुझाही येतो. एक शब्द बोलायचास. माळ्याकडे बोट दाखवायचंस. भर रस्त्यात एसटीपाशी माझी फजिती करताना तुला काही वाटलं नव्हतं, आणि जिथं तुझ्या पायांचा प्रश्न होता तिथं तुला माझी अब्रू आठवली?

मंगल गेल्यावर मी विचारलंच. तू का बोलली नाहीस?

"तुमी सर हाव. तुमच्या शाळेच्या पोरीसमोर तुमाला खोटं पाडू का?" मग म्हणालीस, "पण वॉकर खाली काढा. तेवढं करा."

मी म्हणालो, उद्या काढतो.

दुसऱ्या दिवशी सुजाताच्या सासरचे येणार होते. नंतर कोण कोण आलं. नंतर तूच विचारायची थांबलीस. आणि मग अशी वेळ आली की काढला असता तरी तू त्याच्यावर उभी राहू शकली नसतीस. माझा तो उद्या आलाच नाही.

शेवटी ताप आला, छातीत कफ साठला. डॉक्टर म्हणाले, जोरात खोका, बाहेर काढा. तू खोकायचा प्रयत्न केलास. बरगड्यांमधले स्नायू, पोटाचे स्नायू, सगळ्यांना एकदम हाक द्यावी लागते तेव्हा एक खोकला निघतो. तुझ्या हाकेला कुणी आलं नाही. ते आवाज मी ऐकले आहेत. खोकल्यासारखे, पण खोकला नव्हे. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं. बरोबरच लिहिलं.

कार्यक्रमानंतर मांडव निघाला. मी सुजाताला आत बोलावलं आणि सांगितलं. सगळं, जसं वर लिहिलंय तसं. तिनं स्टूल घेतलं, स्वतः वर चढली, पोती ओढून खाली टाकली आणि वॉकर काढला. अंगणात नेऊन धुतला. त्याच्यावरून पिवळं पाणी वाहत होतं. मग बैठकीच्या खोलीत, बरोबर मधोमध, पाहुण्याला ओलांडल्याशिवाय बसता येणार नाही असा ठेवला.

"इथंच राहू द्या, बाबा. जो विचारील त्याला सांगा हा कुठं होता."

ती हिंगोलीला परत गेली. फोन करते. गोळ्या घेतल्या का विचारते आणि ठेवून देते.

मी सांगतो. जो येतो तो वॉकरला अडखळतो आणि विचारतो, हा इथं काहून? मी सांगतो, कांताचा आहे, मी माळ्यावर लपवला होता, ती मागत होती, मी दिला नाही. आणि गंमत बघ. कुणी ऐकतच नाही! माझ्या खांद्यावर हात ठेवतात. म्हणतात, सर, किती लावून घेतलंत मनाला. एक जण डोळे पुसत म्हणाला, एवढं करूनही स्वतःला दोष देतात, याला म्हणतात माणूस. माझं मोठेपण आणखी वाढलं, कांता. मी खड्डा खणतो आणि हे लोक त्याच मातीचा ओटा करून मला वर बसवतात.

नाना आले तेव्हा मात्र माझा तोल गेला. "नाना, तुम्हीच म्हणाला होता परेड लावली म्हणून. माझ्याच दारात."

"म्या?" नाना खुर्चीत सावरून बसले. "म्या कधी? म्या तर म्हणलं होतं, वैनीला चालवत जावा."

त्यांना खरंच तसंच आठवत होतं. चहा पिऊन, वॉकरला वळसा घालून ते गेले.

काल मंगल आली. स्कूटी लावली, आत आली आणि वॉकर बघून दारातच थांबली. मी तिला बसही म्हणालो नाही. "मंगल, तुझ्या काकूंना कंटाळा नव्हता. मी खोटं बोललो होतो. हा माळ्यावर होता."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, सर."

"काय?"

"तुम्ही कंटाळा म्हणालात आणि तेवढ्यात मला त्याचा एक पाय दिसला. पोत्यांच्या मागून. काकूंच्या पलंगावरून सरळ समोर दिसायचा."

म्हणजे तुला दिवसभर तो पाय दिसत होता. तू पडल्या पडल्या तेच बघत होतीस. मला हे कधी सुचलं नाही. मी तुझ्या पलंगावर एकदाही आडवा होऊन वर बघितलं नाही.

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलो तिच्यावर. "तुझं काम होतं ते. आणि कार्यक्रमात? माईकवर? काकूंनी साथ दिली नाही म्हणालीस तू!"

"तुम्ही समोर बसला होता, सर." ती रडायला लागली होती, पण आवाज चढत गेला. "तुम्ही समोर बसलात की आजही माझी नववी होते. तुमच्या वर्गात कुणी मधे बोललेलं चालायचं? तुम्ही म्हणायचात, सर बोलत असताना माशीचा आवाज आला नाही पाहिजे. काकू बोलल्या नाहीत, मी बोलले नाही. मला वाटलं, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, सरांचं तरी राहू दे."

मी म्हणालो, "बोल आता."

आणि ती बोलली, कांता. तू बोलायला हवं होतंस ते सगळं बोलली. सुतळीचा तास काढला. म्हणाली, हाक दिली नाही तर धागा बारीक होतो, हे वाक्य तुमचं आहे, मी कॉलेजात गेले तेव्हाही तेच डोक्यात होतं, आणि तुम्ही घरात काय केलंत? पाहुण्यांना कसं दिसेल म्हणून? मग स्वतःलाही बोलली. मी तेव्हाच स्टूल ओढायला हवं होतं म्हणाली. मी खाली मान घालून ऐकलं. मधे एक शब्द काढला नाही. मला कुणी थोर म्हणालं नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. तू गेल्यापासून पहिल्यांदा मला घरात माणूस असल्यासारखं वाटलं.

जाताना तिनं तोंड धुतलं. येत्या पौर्णिमेला विहारात सगळे जमतील तेव्हा मी आधी उठेन म्हणाली, मी जे बोलले ते मागं घेईन. मी म्हणालो, तुझ्यानंतर मी हे वाचेन. यातलं एकही वाक्य गाळणार नाही. लोक पुन्हा डोळे पुसतील, पुन्हा मला मोठा म्हणतील, तर मी पुन्हा वाचेन. कांता चालायला तयार होती, हे त्यांच्या कानात जाईपर्यंत.

तिला फाटकापर्यंत सोडावं म्हणून मी उठायला गेलो. खुर्ची बुटकी. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, दाबले, मांड्या थरथरल्या, मी परत बसलो. पुन्हा दाबले. मग समोरचा वॉकर धरला आणि त्याच्यावर भार देऊन कसाबसा उभा राहिलो. तेव्हा मला तुझा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. "सर, ढकलून काहून राहिले? ढकलत न्हाई म्हणता न्हवं?"

ढकलत नाहीच. दंडाच्या मागचा स्नायू ओढतो, मांडीच्या पुढचा ओढतो, म्हणून माणूस उठतो. शास्त्र अजूनही माझ्याच बाजूनं आहे, कांता. आता ते घेऊन मी काय करू?